साखरपुड्याची अंगठी आणि चौदा कॅरट

आपल्याकडे लग्न ठरण्याच्या समारंभाला दोन शब्द आहेत. पत्रिकेत छापायचा 'वाङ्निश्चय' आणि बोलताना वापरायचा 'साखरपुडा'. पहिल्यात दिलेला शब्द आहे, दुसऱ्यात साखर आहे. अंगठी दोन्हींत नाही! तरी आज साखरपुडा म्हटलं की डोळ्यांसमोर आधी अंगठीच येते, आणि फोटोग्राफर त्या एका क्षणासाठी खुर्चीवर चढून बसलेला असतो.

हा विषय डोक्यात यायचं कारण म्हणजे भाचीचं लग्न ठरलंय. मुलगा पसंत पडला, घर पसंत पडलं, कार्यालयसुद्धा मिळालं. अंगठी मात्र दोन महिने झाले तरी ठरत नाहीये. सोनं की प्लॅटिनम? सोनं असेल तर पिवळं की पांढरं? बावीस कॅरट की अठरा? हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला? घरातल्या प्रत्येकाला यावर मत आहे आणि गंमत म्हणजे प्रत्येक मताच्या शेवटी 'परंपरा' हा शब्द येतो. ताई म्हणते, परंपरा सोन्याची. होणारे जावई म्हणतात, साखरपुड्याला हिराच द्यायची पद्धत आहे. म्हटलं, ही परंपरा नेमकी कधीपासूनची ते तरी बघू. महिनाभर मिळेल ते वाचत होतो, त्याचं हे टिपण. जरा लांबलंय, आधीच सांगून ठेवतो.

तर सुरुवात रोमपासून. लग्न ठरलं की मुलीला अंगठी द्यायची ही चाल रोमन लोकांची. आणि ती अंगठी कशाची? लोखंडाची! प्लिनी नावाचा विद्वान इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून गेलाय की अजूनही वाग्दत्त वधूला लोखंडाचीच अंगठी पाठवतात, तीही बिनखड्याची. ('अजूनही' म्हणतो, म्हणजे त्याच्या काळातही ती जुनी चाल वाटत असणार.) आज कोणी लोखंडाची अंगठी घेऊन आला तर आपण शनीची पीडा आहे का म्हणून विचारू. पण त्या रोममध्ये सोन्याची अंगठी घालायचा मान ठरावीक वर्गातल्या पुरुषांचा होता. अंगठीचा धातू आवडीनिवडीपेक्षा समाजातल्या पायरीवर ठरायचा. पुढे सोनं आलं. साधारण इसवी सन २०० च्या सुमारास तर्तुलियन नावाचा ख्रिस्ती लेखक कुरकुरतो की पूर्वीच्या बायकांच्या अंगावर सोनं असायचं ते एकाच बोटात, नवऱ्याने वाग्दानाच्या वेळी घातलेल्या अंगठीचं. आणि आता बघा! हा 'आता बघा' सूर अठराशे वर्षांत जराही बदललेला नाही.

उत्तरकालीन रोमन कायद्यात लग्न ठरताना दिलेल्या ऐवजाला 'अर्रा' असा शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ इसार. घर-जमिनीच्या व्यवहारात आपण देतो तोच. शब्द दिलाय, तो मोडला तर नुकसान कोणाचं, हे ठरवून ठेवणारा ऐवज. हा इसार लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

बोटाचीही एक गंमत. युरोपात समजूत होती की करंगळीशेजारच्या बोटातून एक शीर थेट हृदयाला जाते, म्हणून अंगठी त्या बोटात. दुसऱ्या शतकातला ऑलस गेलियस हे इजिप्शियन लोकांच्या नावावर खपवतो, फक्त तो शिरेऐवजी नाजूक मज्जातंतू म्हणतो. शरीरशास्त्रात असं काही नाही. आपण मात्र त्याच बोटाला 'अनामिका' म्हणतो, म्हणजे ज्याला नावच नाही ते. आणि धार्मिक कार्यात आपण त्या बोटात काय घालतो? दर्भाचं पवित्रक. गवताची अंगठी! काम झालं की गाठ सोडून टाकून द्यायची.

आता हिरा. हिऱ्याच्या साखरपुड्याच्या अंगठीचा नेहमी दिला जाणारा पहिला दाखला १४७७ चा. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली. राजघराण्यांचं लग्न, त्यामागे मुलूख आणि राजकारण. पण तो हिरा आला कुठून असेल? त्या काळी जगात हिरे मिळायचे ते जवळजवळ सगळे भारतात, थोडे बोर्निओत. आपल्याकडे हिऱ्याची पारख कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे, सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही रत्नपरीक्षा आहे. सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच व्यापारी गोवळकोंड्याच्या राज्यात कृष्णेकाठच्या कोल्लूरच्या खाणीवर गेला तेव्हा तिथे साठ हजार माणसं राबत असल्याचं त्याने लिहिलंय, आणि त्यात बायका-मुलंही होती. म्हणजे ज्या देशातून जगाला हिरे गेले, त्या देशात लग्न ठरवताना हिरा लागत नव्हता. साखर पुरत होती. उलट आमच्या आजीच्या पिढीत तर 'हिरा सगळ्यांना लाभत नाही' म्हणून भीतीच असायची, आणि नीलमचं तर नावच काढायचं नाही.

१७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले आणि भारताची मक्तेदारी संपली. १८६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नदीजवळ एका पोराला खेळताना एक चमकदार खडा मिळाला, तो निघाला एकवीस कॅरटचा हिरा. चार वर्षांत किंबर्लीला खाणींची झुंबड उडाली. टनावारी माती उपसून हिरे निघायला लागले आणि धंदेवाल्यांना वेगळीच भीती पडली. जी वस्तू दुर्मीळ म्हणून महाग, ती ढिगाने निघाली तर? १८८८ मध्ये सेसिल ऱ्होड्सने खाणी एकत्र करून डी बीअर्स कंपनी उभी केली ती यासाठीच. हिरे किती काढायचे आणि त्यातले बाजारात किती सोडायचे, हे एका हातात आणायला.

तरीही एकोणिसाव्या शतकात साखरपुड्याची अंगठी म्हणजे हिराच असं काही नव्हतं. राणी व्हिक्टोरियाला १८३९ मध्ये अल्बर्टने दिलेली अंगठी सापाच्या आकाराची होती आणि सापाच्या डोक्यावर होता पाचू. साप म्हणजे अखंड प्रेमाची खूण. (आपल्याकडे कोणी देऊन बघा!) त्याच काळात इंग्लंडमध्ये एक गोड प्रकार होता. खड्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जुळवून शब्द करायचा. रूबी, एमरल्ड, गार्नेट, अॅमेथिस्ट, पुन्हा रूबी आणि शेवटी डायमंड, झालं 'रिगार्ड'. माणिक, पाचू, तामडा, जांभळा स्फटिक आणि हिरा एका ओळीत, आणि त्यात लपलेला निरोप. हिरा होता, पण शेवटच्या अक्षरापुरता.

१८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या टिफनीने सहा काट्यांवर उंच धरलेला एकच हिरा अशी अंगठी काढली. आज आपण सॉलिटेअर म्हणतो तो घाट हाच. मग प्लॅटिनम आलं. ते वितळायला सुमारे १७६८ अंश सेल्सियस उष्णता लागते, त्यामुळे सोनाराच्या जुन्या भट्टीत त्याचं काही चालायचं नाही. तापमान गाठणारे गॅसचे बर्नर आले आणि १९०० च्या आसपास कार्तिएसारख्या पेढ्यांनी ते दागिन्यांत आणलं. पांढऱ्या धातूत हिरा जास्त पांढरा दिसतो. म्हणजे 'प्लॅटिनममध्ये हिरा' ही आपली सनातन वाटणारी जोडी जेमतेम सव्वाशे वर्षांची.

पुढचा भाग बऱ्याच जणांना माहीत असेल. मंदीच्या काळात अमेरिकेत हिऱ्यांचा खप ढासळला होता. १९३८ मध्ये डी बीअर्सने एन. डब्ल्यू. आयर या जाहिरात कंपनीला काम दिलं. नट्यांच्या बोटांत हिरे, वर्तमानपत्रांत त्यांच्या बातम्या, शाळांतून व्याख्यानं. १९४७ मध्ये फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी ती प्रसिद्ध ओळ लिहिली, जी आपण टीव्हीवर 'हीरा है सदा के लिए' म्हणून ऐकली. गेरेटीबाईंनी स्वतः लग्न केलं नाही. १९६७ मध्ये हीच मोहीम जपानमध्ये गेली. तेव्हा लग्न ठरलेल्या जपानी मुलींपैकी पाच टक्क्यांहून कमी जणींना हिऱ्याची अंगठी मिळायची. १९८१ पर्यंत हा आकडा साठ टक्क्यांच्या आसपास गेला. चौदा वर्षांत एका जुन्या, रीतीभाती जपणाऱ्या देशात नवी 'परंपरा' तयार!

पण सगळं श्रेय जाहिरातीला देणंही बरोबर नाही असं मला वाटायला लागलंय. मार्गारेट ब्रिनिग या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९९० मध्ये एक वेगळा मुद्दा मांडला. पूर्वी अमेरिकेत लग्न ठरवून मोडणाऱ्या पुरुषावर मुलीला वचनभंगाचा दावा लावता यायचा. १९३५ पासून एकेक राज्य हा दावाच रद्द करू लागलं. नेमकं त्याच सुमाराला, म्हणजे ती मोहीम सुरू व्हायच्या आधीच, हिऱ्याच्या अंगठ्यांची मागणी वाढू लागली होती. ब्रिनिगबाईंचं म्हणणं असं की कायद्याचं संरक्षण गेलं तिथे अंगठी आली. त्याने लग्न मोडलं तर निदान एवढा ऐवज तिच्याकडे राहील. म्हणजे पुन्हा इसारच की! हे वाचून मी जरा गप्प झालो. महागड्या हिऱ्याला आपण हौस म्हणतो, पण ज्या मुलीकडे दुसरा कसलाच आधार नव्हता तिच्यासाठी ती हमी होती. आपल्याकडे स्त्रीधनाचा विचार याहून वेगळा कुठे आहे? आपल्या आज्या सोन्यावर अडून बसायच्या त्यालाही हेच कारण होतं. सोन्याची मोड येते, खड्याची येत नाही.

धातूच्या निवडीत युद्धानेही हात घातलाय. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने प्लॅटिनम युद्धसामग्री ठरवून दागिन्यांसाठी वापरायला बंदी घातली. लगेच पांढऱ्या सोन्याच्या अंगठ्या आल्या. (पांढरं सोनं म्हणजे वेगळं सोनं नव्हे. पिवळ्याच सोन्यात निकेल किंवा पॅलेडियम मिसळतात आणि बहुतेक वेळा वरून ऱ्होडियमचा मुलामा देतात.) आणि अगदी हेच, वीसेक वर्षांनी, आपल्याकडे झालं.

१९६२ चं चीनचं युद्ध. परकीय चलनाची टंचाई, सोन्याची चोरटी आयात. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. त्यात एक अट अशी की नवीन दागिना चौदा कॅरटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचा करायचा नाही. बावनकशी सोन्याच्या गोष्टी सांगणाऱ्या देशात साडेअठ्ठावन्न टक्क्यांचं सोनं! गिऱ्हाईक फिरकेना, कारागिरांचे हात रिकामे झाले. पिढ्यान्‌पिढ्या सोनारकाम करणारी कितीतरी घरं दुसऱ्या धंद्याला लागली, आणि त्या दिवसांत सोनारांच्या आत्महत्यांच्याही बातम्या आल्या. चौदा कॅरटची अट काही वर्षांत मागे घेतली गेली. नियंत्रणाचा कायदा मात्र १९६८ मध्ये नव्याने झाला आणि १९९० मध्ये रद्द होईपर्यंत टिकला.

माझ्या मावशीचं लग्न १९६४ सालचं. तिच्या साखरपुड्याची अंगठी चौदा कॅरटची, मधे छोटासा लाल खडा. सोनं जरा तांबूस दिसतं. सासरी पहिल्याच हळदीकुंकवाला कोणीतरी म्हणालं होतं, "पितळेची वाटते." ते वाक्य मावशीने आयुष्यभर जपून ठेवलं. पुढे काकांनी बावीस कॅरटच्या बांगड्या केल्या, पाटल्या केल्या, पण अंगठीचा विषय निघाला की ती हात पदराखाली घ्यायची. काढली मात्र कधीच नाही.

गेल्या महिन्यात भाचीबरोबर सराफाकडे गेलो तेव्हा मावशीही सोबत होती. भाचीने सहज म्हणून तिची अंगठी तपासायला दिली. यंत्रावर सोनं निघालं अठ्ठावन्न टक्क्यांच्या आसपास. खडा भिंगाखाली धरला तर आत बारीक वळणदार रेघा. तपासणारे गृहस्थ म्हणाले, माणिकच आहे, पण कारखान्यातलं. १९०२ मध्ये वेर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ज्योतीत पूड वितळवून माणिक बनवायची रीत प्रसिद्ध केली, तेव्हापासून असे खडे जगभर गेलेत. मला वाटलं, आता मावशी खट्टू होणार. ती म्हणाली, "म्हणजे सोन्यातही भेसळ आणि खडाही बनवलेला. आणि संसार?" आणि हसायला लागली. मग गृहस्थांनीच सांगितलं की बावीस कॅरटची असती तर साठ वर्षांत झिजून बारीक झाली असती आणि खडा केव्हाच पडला असता. मिश्रण जास्त म्हणून सोनं कडक, म्हणून खडा जागेवर. सरकारी हुकमाने पदरी पडलेलं सोनंच या कामाला जास्त योग्य होतं! मी तिला १९६३ च्या नियमांबद्दल सांगितलं. तिला चौदा कॅरटचा कायदा आठवत होता, पण सासरच्या त्या वाक्याचा आणि कायद्याचा तिने कधी संबंधच लावला नव्हता. त्या वर्षी नव्या सोन्याची याहून जास्त कसाची अंगठी घडवायला कायद्याचीच आडकाठी होती.

आता भाचीसाठी म्हणून जे समजलं ते थोडक्यात, इतरांनाही उपयोगी पडेल. बावीस कॅरट (शिक्का ९१६) साध्या वेढण्याला उत्तम, पण खडा धरायला मऊ. खड्यासाठी अठरा (७५०) किंवा चौदा (५८५). प्लॅटिनम टिकाऊ, पण जड आणि घडणावळ जास्त. पांढऱ्या सोन्याचा मुलामा काही वर्षांनी उडतो, पुन्हा द्यावा लागतो, आणि निकेलचं मिश्रण असेल तर काहींच्या बोटाला खाज येते. हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालाय आणि एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असावा लागतो, तो बघून घ्यावा.

खड्यांचं गणित कठीणपणाचं. १८१२ मध्ये मोह्स या जर्मन शास्त्रज्ञाने एक ते दहा अशी मोजपट्टी केली. हिरा दहा, माणिक आणि नीलम नऊ, पाचू साधारण साडेसात ते आठ, मोती जेमतेम तीन-चार. घरातल्या धुळीत गारेचे कण असतात आणि गार सातवर. म्हणजे सातच्या खालचा खडा रोज वापरला की नुसत्या धूळ पुसण्यानेही चरे पडणार. पाचूत आत भेगा असतात, आपटला तर फुटतो. मोत्याला साबण आणि घाम चालत नाही. नथीत शोभतो, रोजच्या अंगठीत नाही. आणि हिरा कठीण असला तरी अभंग नाही. योग्य कोनात फटका बसला तर दुभंगतो, पुरेशा उष्णतेत आणि प्राणवायूत जळूनही जातो, शेवटी कार्बनच तो. 'सदा के लिए' वगैरे जाहिरातीपुरतं. कणीक मळणाऱ्या हाताला उंच काट्यांपेक्षा चारी बाजूंनी बंद कोंदण बरं.

राहिला खाणीतला की प्रयोगशाळेतला हा प्रश्न. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्ये हिरा बनवून दाखवला. आज सुरतेत असे हिरे बनतात आणि पैलूही पाडले जातात. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा दिला तोही प्रयोगशाळेतलाच. हा अमेरिकन डायमंड नव्हे, खराच हिरा, फक्त जमिनीतून आलेला नाही. किमती मात्र गेल्या काही वर्षांत धडाधड उतरल्यात, तेव्हा इसार किंवा गुंतवणूक म्हणून घेऊ नये. आवडला म्हणून घ्यावा.

एवढं वाचून माझं मत असं झालंय की परंपरेच्या नावाने भाचीवर काही लादायला आपल्याकडे पुरावाच नाही. लोखंड, सोनं, पाचूचा साप, सहा अक्षरांचे खडे, प्लॅटिनम, चौदा कॅरट. ज्या पिढीला कायद्याने, युद्धाने आणि बाजाराने जे शिल्लक ठेवलं त्यातून तिने निवडलं आणि पुढच्या पिढीने त्यालाच परंपरा म्हटलं. भाची आणि जावई दोघांनी मिळून काय ते ठरवावं, आणि आम्ही साखर वाटावी.

जाता जाता एक विनंती, विशेषतः हे वाचणाऱ्या नातेवाईक मंडळींना. सोन्याचे भाव बघून सध्या सगळेच जुने दागिने मोडीत काढतायत. त्यात १९६३ नंतरच्या तीन-चार वर्षांतल्या तांबूस अंगठ्या आधी जातात, 'कमी कसाची आहे' म्हणून. घरात अशी एखादी असेल तर वितळवायला देण्याआधी लग्नाचं साल विचारा. आणि जिची असेल तिला तो कायदाही सांगा. तिलाही कोणीतरी कधीतरी काहीतरी बोललेलं असण्याची शक्यता आहे.